चालवणाऱ्याची पहिली भिशी

आमच्या हिने तीन वर्षं बिल्डिंगमधल्या पोरांची भिशी चालवली आणि तिन्ही वर्षं मी तिला वेडी म्हणालो. ती गेल्यावर एक वर्ष मी चालवली आणि मोडली. पैसे खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर लोकांनी तोंडावर चोर म्हटलं असतं, मीही चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. कोणी काही म्हणालंच नाही. म्हणून लिहायला बसलोय.

मी चौथी शिकलो. गोरेगावला एका कंपनीत प्रेस मशीनवर तीस वर्षं उभा होतो. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. कंपनी बंद झाली तेव्हा जे हातात आलं त्यात मनवेलपाड्यात वन रूम किचन घेतलं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा नोकरीला पुण्याकडे गेला, तिकडचाच झाला. इथे आम्ही दोघं. ही पोळी-भाजीचे डबे करायची, मी ते पोचवायचो आणि उरलेला वेळ खाली ओट्यावर बसून जगाला अक्कल शिकवायचो.

भिशी सुरू झाली ती वरच्या मजल्यावरच्या एका मुलीमुळे. तेव्हा ती चौदा वर्षांची असेल. आई कामणला गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते, बाप कधी कामावर, कधी नाही. मुलगी शाळेतून आली की इमिटेशनच्या कानातल्यांवर खडे चिकटवायची. डझनावर पैसे मिळायचे. ते घरात ठेवले की जायचे, कुठे जायचे ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. एक दिवस ती दोनशे रुपये मुठीत घेऊन हिच्याकडे आली आणि म्हणाली, आजी, हे तुमच्याकडे ठेवा. हिने ठेवले नाहीत. म्हणाली, मी काय तुझी तिजोरी आहे का, मी मेले तर? आपण पोरांची भिशी लावू.

आणि लावली. दहा जण, महिन्याला तीनशे, दहा महिने. गणपती गेले की सुरू, जूनमध्ये शेवट. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या दाराबाहेर जिन्याच्या चौकात पोरं चटई टाकून बसायची. चहापावडरीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला तीन हजार.

पण हिचं काही साधं नसायचं. पैसे आईबापाकडून मागून आणलेले चालायचे नाहीत. कोणी लहान मुलांची शिकवणी घ्यायचं, कोणी मेंदी काढायचं, दोघं बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सकाळी गाड्या पुसायला जायचे. नंबर लागला की चटईवर उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, या पैशाचं काय करणार. काहीही सांगा, ही कोणाला अडवायची नाही. फक्त पुढच्या महिन्यात आणलेली वस्तू सगळ्यांना दाखवायची. पहिल्या वर्षी एका पोराने सांगितलं, चायनीज खाणार, रोज. हिने मुकाट पैसे मोजून दिले. पुढच्या महिन्यात ही म्हणाली, दाखव. त्याने शर्ट वर करून पोट दाखवलं. पोरं हसून लोळली, हीसुद्धा. मी आतून ओरडलो की हे काय वळण लावणं झालं का. ही म्हणाली, अहो, तुम्ही तुमचा पेपर वाचा. पुढल्या वर्षी त्याच पोराने सायकलीचे दोन टायर आणून चौकात ठेवले. ठेवताना पोट आत ओढून उभा होता.

मला सगळ्यात खुपायचं ते वेगळंच. दहा जणांतली दहावी ही स्वतः होती आणि दर वर्षी शेवटचा नंबर ती घ्यायची, चिठ्ठी न टाकता.

आमच्या कंपनीत भिशी असायची. तिथे पहिली भिशी चालवणाऱ्याची. धावपळ त्याची, शिव्या त्याला, मग पहिला नंबर त्याचाच. हा रिवाज सगळ्या डिपार्टमेंटला होता, साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत कोणी त्यावर बोलायचं नाही. मी हिला म्हणायचो, तू राबतेस आणि शेवटी घेतेस, तुला अक्कल किती. ती एकदाच बोलली.

"तुमच्या कंपनीत सगळे पगारदार होते. ही पोरं आहेत हो."

मला वाटलं, बाईमाणूस, भोळी आहे.

चौथ्या वर्षीची भिशी लागली आणि पहिल्याच महिन्यात, चिठ्ठी निघायच्या आधी, हिच्या पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हिने नऊ पाकिटं केली आणि प्रत्येक पोराला त्याचे तीनशे परत पाठवले. मी म्हणालो, एवढी काय घाई, पंधरा दिवसांत घरी येशील. ती म्हणाली, आले तर परत घेईन. ऑक्टोबरमध्ये गेली. शेवटच्या दिवशी दुपारी पाणी मागत होती असं नर्स म्हणाली. मी खाली बिलाच्या रांगेत उभा होतो, कुठल्या तरी तपासणीचे पैसे दोनदा लावले म्हणून भांडत होतो. भांडून सहाशे रुपये कमी केले. वर आलो तर झालं होतं.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. पण हे न सांगता पुढचं कळणार नाही.

वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत. पुढच्या सप्टेंबरात, गणपती गेल्यावर, वरच्या मजल्यावरची ती मुलगी आणि आणखी दोघं दारात आली. आजोबा, या वर्षी लावूया ना, आजीसारखी. तोवर बिल्डिंगमध्ये मला कोणी हाक मारत नव्हतं. हिच्यामुळे हाक होती, ती गेल्यावर हाक गेली. पोरं दारात आली तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगतो. छाती फुगली. म्हटलं, आता दाखवतो यांना पैसा कसा सांभाळायचा असतो.

पहिल्या रविवारी नऊ पोरं बसली, दहावा मी. मुलगी डबा घेऊन चिठ्ठ्या टाकायला लागली तर मी तिचा हात धरला. म्हणालो, पहिली चिठ्ठी नाही. पहिली भिशी चालवणाऱ्याची असते.

"आजी शेवटची घ्यायची," ती म्हणाली.

"आजीला कळत नव्हतं."

हे वाक्य मी नऊ पोरांसमोर बोललो. ती जाऊन वर्ष पूर्ण व्हायचं होतं.

मुलीने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, तर शेवटचा नंबर माझा लिहा, माझी चिठ्ठी टाकू नका. कारणही तिने तेव्हाच सांगितलं. बारावी झाली की स्टेशनजवळच्या क्लासला जायचं, कॉम्प्युटरवर बिलं आणि हिशेब करायला शिकवतात तिथे. पहिला हप्ता तीन हजार, जूनमध्ये. तिच्या आईच्या गोडाऊनमध्ये काचेची केबिन आहे. आत दोन मुली खुर्चीवर बसून बिलं काढतात आणि बाहेर तिची आई दहा तास उभी राहून खोकी भरते. तिला आत बसायचं होतं. आधी पैसे मिळाले तर घरात राहणार नाहीत, म्हणून जूनच बरा. एवढं सरळ होतं.

मी म्हणालो, शाब्बास, याला म्हणतात नियोजन.

मग कोणी तरी म्हणालं, आजोबा, तुम्ही पण सांगा ना, कशासाठी घेताय. नियम आहे.

मला माहीत होतं कशासाठी. आठ दिवसांपासून माहीत होतं. पण तोंडातून निघालं, "चष्मा. दांडी तुटलीय, बघा." दांडी खरंच तुटली होती, दोऱ्याने बांधली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला बॅनर लावायचा होता. आमच्या नाक्यावर त्याच महिन्यात एकाच्या आईचा लागला होता, पुण्यस्मरणाचा, चांगला दुकानाएवढा. येता-जाता लोक थांबून बघत होते. मी रोज तिथून हिचे डबे घेऊन जायचो, पण हिला कोणी ओळखत नव्हतं. मला वाटलं, हिचाही लागला पाहिजे. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे तिच्यासाठी आहे. रांगेतलं ते भांडण डोक्यात होतंच. पण नऊ पोरांसमोर उभं राहून बॅनर असा शब्द काही उच्चारता येईना.

फ्लेक्सवाल्याकडे गेलो. हिचा फोटो कुठला, तर आधार कार्डावरचा तेवढा. तिला फोटो आवडायचा नाही, कोणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर घ्यायची. तो टिकलीएवढा फोटो त्याने आठ फुटांच्या बॅनरवर ताणला. चेहरा धुक्यातून बघितल्यासारखा आला. त्याने विचारलं, काका, खाली शोकाकुल कोण? मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तो म्हणाला, मोठं टाकू? मी म्हणालो, टाक. बॅनर, बांबू, बांधणारे, वर झेंडूचा हार. तीन हजारांतले दोनशे उरले, त्याचे पेढे वाटले. वर्षश्राद्धाला पेढे वाटणारा मीच असेन.

चौथ्या दिवशी पालिकेची गाडी नाक्यावरचे सगळे बॅनर काढत आली. मी धावत गेलो, हात जोडून माझा गाडीतून मागून घेतला, घडी करून माळ्यावर टाकला.

पोरांनी बॅनर बघितला असणार हे मला का सुचलं नाही? त्याच नाक्यावरून ती शाळा-कॉलेजला जातात. सुचलं होतं. पण पुढच्या महिन्याच्या रविवारी सगळी आली, पैसे दिले, चिठ्ठी निघाली, कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, सुटलो. आणलेली वस्तू दाखवा असं मला कोणी म्हणालं नाही, आणि मीही तो नियम हळूच बंद केला. कशाला वेळ घालवायचा, म्हणालो.

मात्र नंबर लागलेल्या पोराने उभं राहून सांगायचं, हा नियम ठेवला, कारण त्यात मला बोलायला मिळायचं. ही गप्प ऐकायची. मी ऐकत नव्हतो. कोणी म्हणालं हेडफोन, तर मी पंधरा मिनिटं. कोणी म्हणाली केस सरळ करून घेणार, तर तिला विचारलं, केस सरळ करून अक्कल सरळ होते का. ती रडायच्या बेताला आली. एक जण म्हणाला, आईला साडी. त्याला म्हणालो, साडीने पोट भरत नाही, बँकेत टाक. बँकेचं पासबुक मी स्वतः दोन वर्षांत उघडलं नव्हतं. दर महिन्याला पोरं थोडी लांब सरकून बसायची, मला वाटायचं आदर आहे.

माझे महिन्याचे तीनशे मात्र मी कधी चुकवले नाहीत. ते मी पहिले ठेवायचो, सगळ्यांना दिसतील असे, चटईच्या मधोमध.

मे महिना आला, नववा. गाड्या पुसायला जाणाऱ्या दोघांतल्या एकाचा नंबर होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, बूट. मी विचारलं, केवढ्याचे. तो म्हणाला, अडीच हजार. मग माझं जे सुटलं ते सुटलं. दुसऱ्यांच्या गाड्या पुसतोस आणि अडीच हजाराचे बूट घालतोस, तुम्हाला पैशाची किंमत नाही, तुमच्या आईबापांना नाही तर तुम्हाला कुठून असणार, त्या बाईने तीन वर्षं तुमच्यावर फुकट घालवली. असं सगळं. जिन्यात वरखाली दारं उघडली, लोक ऐकायला आले. लोक आल्यावर मी आवाज आणखी वाढवला.

पोरगा ऐकून घेत होता. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा त्याने हळू विचारलं,

"आजोबा, तुमचा चष्मा कुठाय?"

चष्मा माझ्या नाकावर होता, दोरा बांधलेला.

मी म्हणालो, चालता हो. तो तीन हजार घेऊन उठला. त्याच्यामागे आणखी पाच जण उठले, चपला घातल्या आणि उतरले. कोणी पाय आपटले नाहीत, उलटं बोललं नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी बसून राहिली होती आणि चटईकडे बघत होती. मी तिला म्हणालो, बघितलंस, ही आजकालची पिढी. तीही त्याच पिढीची आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

जूनचा पहिला रविवार. तिचा नंबर. मी चटई टाकली, माझे तीनशे ठेवले. तिने तिचे ठेवले. आणखी दोघं आली. साडेदहा झाले, अकरा झाले. ती सहा पोरं आली नाहीत. त्यांना यायचं कारणच नव्हतं, सगळ्यांचे नंबर होऊन गेले होते. बाराशे रुपये चटईवर पडून होते आणि तिला लागत होते तीन हजार, शनिवारपर्यंत.

तेव्हा, त्या चटईवर, मला कळलं ही शेवटचा नंबर का घ्यायची. पोरं कधी ना कधी पळणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पळाली तर ज्याचा नंबर शेवटचा त्याचं बुडतं. ते बुडणं तिने स्वतःकडे घेतलं होतं. मी पहिला नंबर घेतला आणि ते बुडणं पोरीकडे ढकललं, वर तिला शाब्बास म्हणालो.

मी त्या सहा जणांच्या आईबापांना शिव्या द्यायला लागलो. वर जातो, एकेकाची गचांडी धरतो. मुलगी म्हणाली, नको आजोबा. मग म्हणाली की बॅनर लागला त्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं. ग्रुपवर फोटो फिरला होता.

"मग कोणी बोललं का नाही?"

"आजीचा फोटो होता त्याच्यावर. काय बोलणार?"

"आणि तू?"

"माझा नंबर शेवटचा होता ना." असं म्हणून ती हसली, मला बरं वाटावं म्हणून. अठरा वर्षांची पोर.

मग तिने आणखी एक सांगितलं. पहिल्या वर्षी दोन पोरांची कुटुंबं खोली सोडून गेली होती आणि शेवटच्या महिन्यात आजीला सहाशे कमी मिळाले होते. आजीने तिला एकटीला सांगितलं होतं. आजोबांना सांगू नको, हसतील.

मला ते वर्ष आठवलं. हिने उभं राहून सांगितलं होतं, नवा मिक्सर घेणार. आणि पुढच्या महिन्यात जुनाच मिक्सर नवं भांडं लावून चौकात आणून दाखवला होता, नियमाप्रमाणे. मी हसलो होतो. म्हणालो होतो, कंजूस. पोरांसमोर म्हणालो होतो. ती मिक्सरचं भांडं पदराने पुसत राहिली.

घरात सातशे रुपये होते. ते मी मुलीपुढे धरले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, तुम्ही तुमचे दहाच्या दहा भरलेत, तुमच्याकडे काही निघत नाही. हिशेबाने ते बरोबर होतं. मुलाला फोन लावायला मोबाईल हातात घेतला, नंबरही काढला, पण तो विचारणार, कशासाठी बाबा. ते सांगता येईना. मोबाईल खाली ठेवला. हिचा नियम माझ्या अंगावर असा उलटून आला.

शनिवार गेला. क्लासची पुढची बॅच सप्टेंबरात होती. सोमवारी सकाळी ती मुलगी आईबरोबर कामणच्या गोडाऊनची गाडी पकडायला खाली उतरली, डबा घेऊन. मी दाराच्या आत उभा राहून पावलं ऐकली. उतरताना दोन जोड्या, एक हळू, एक भराभर. पंधरा दिवसांनी दोन्ही हळू झाल्या. मी तीस वर्षं मशीनवर उभा होतो, टाचा कशा सुजतात, मग जिना कसा कडेकडेने उतरावा लागतो, ते मला शिकवायला नको. खुर्चीवर बसायला निघालेल्या मुलीला मी उभं केलं होतं.

बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्सचा वॉचमन गावी गेला होता. मी त्याच्या बदली महिनाभर गेटवर बसलो. माझ्या वयाच्या माणसाला कोण ठेवतं, पण बूटवाल्या पोराने शब्द टाकला. हो, त्यानेच. तो तिथेच गाड्या पुसतो. मी कशासाठी आलो ते त्याने विचारलं नाही, मीही बुटांकडे बघितलं नाही. दोन-तीनदा त्याने टपरीवरून चहा आणून दिला, खुर्चीवर ठेवून गेला.

पगार झाल्यावर मी बिल्डिंगमध्ये आठ दारं फिरलो. पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हणालो, रविवारी दहाला या, एक वस्तू दाखवायची राहिलीय. एका बाईने माझ्या तोंडावर दार लावलं, तिच्या मुलीला मी अकलेवरून बोललो होतो. लावू दे.

सात जण आले. मी माळ्यावरून घडी काढली. बॅनर चौकात मावेना, चौघांनी कोपरे धरले तरी अर्धा जिन्यावर लोंबत होता. झेंडूची वाळकी पाकळी निघाली घडीतून. मी उभा राहिलो.

म्हणालो, "मी चष्मा आणला नाही. हे आणलं. तिच्यासाठी आणलं असं सांगितलं असतं तर तेही खोटं होतं."

मग ते चायनीजवालं पोरगं, आता चांगलं दाढी-मिशीवालं झालंय, वाकून वाचत होतं, ते म्हणालं,

"आजोबा, तुमचं नाव आजीच्या नावापेक्षा मोठं आहे."

मी वाकलो. बोटं लावून मोजलं, धड बोटांनी. तिचं नाव चार बोटं उंच होतं, माझं सहा. दहा महिने तो बॅनर माझ्या डोक्यावर माळ्यात होता आणि मला हे माहीत नव्हतं. किंवा नाक्यावर बघितलं तेव्हाच दिसलं होतं आणि आवडलं होतं. आता नक्की सांगता येत नाही, आणि तेच वाईट आहे.

मुलीच्या हातात मी जूनचे कमी पडलेले अठराशे ठेवले. ती मागे सरली. मी म्हणालो, हे गेटवर बसून मिळवलेत, मागून आणलेले नाहीत, आजीच्या नियमात बसतात. मग तिने घेतले. माफ केलं वगैरे काही झालं नाही, आणि मी मागितलंही नाही. बूटवाल्याने फ्लेक्स चिमटीत धरून बघितला आणि म्हणाला, जाड आहे, गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलंय, त्यावर टाकूया का, पावसाची घाण जाते आत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली,

"टाका. पण आजीचं तोंड खाली करा. तिला फोटो आवडायचा नाही."

तसा तो टाकला. पांढरी बाजू वर, चार विटा चार कोपऱ्यांना. अजून आहे.

जूनमध्ये न आलेल्या सहा जणांपैकी दोघांनी नंतर तीन-तीनशे मुलीला नेऊन दिले. तिने ते मला परत आणून दिले. बाकीच्यांनी दिले नाहीत. ती सप्टेंबरच्या बॅचला लागली, पण तीन महिने कामणला उभी राहिली ते राहिलीच. क्लास संपवून आता ती काम शोधतेय. दोन ठिकाणी अनुभव विचारला. पॅकिंगचा आहे, म्हणाली, तर नको म्हणाले.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी परत भिशी लावली. चालवते ती मुलगी. तिने पहिला नंबर घेतला नाही, चिठ्ठीत टाकला. मी विचारलं, मला घ्याल का. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. घ्या, पण लेक्चर नको, असं ठरलं. आणि शेवटचा नंबर मी मागून घेतला.

या जूनमध्ये माझा नंबर आला. चटईवर सत्तावीसशे जमले. एक जण आलं नाही. कोण, ते सगळ्यांना दिसत होतं. आणि मी खरं लिहितो, माझ्या तोंडात पहिली आली ती शिवीच. त्याचं नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी. आठ पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मुलगीही बघत होती, नोटांवर हात ठेवून.

मी शिवी गिळली. गिळायला वेळ लागला, त्यांना दिसलं असेल.

"बरोबर आहेत ना आजोबा?" तिने विचारलं.

"बरोबर आहेत," मी म्हणालो.

मग नियमाप्रमाणे उभा राहिलो आणि सांगितलं, चष्मा. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या महिन्यात दाखवायचा आहे.